भाड्याने का राहता?

गेल्या महिन्यात एका मुंजीला गेलो होतो. जेवण झाल्यावर मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन एक काका शेजारी येऊन बसले. इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच. "काय गं, स्वतःचा एवढा छान फ्लॅट असताना तुम्ही भाड्याने का राहता?" तेही आवाज खाली आणून, एखाद्याच्या आजारपणाची चौकशी करावी तसा. (काका, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. रागावू नका. त्या दिवशी विचारणाऱ्यांत तुम्ही तिसरे होतात. :))

मी नेहमीसारखं "मुलाची शाळा जवळ पडते हो" म्हणून विषय बदलला. पण घरी येताना चुटपुट लागून राहिली. शाळा जवळ पडते हे खरंच आहे, पण ते खरं कारण नाही. खरं कारण लांबलचक आहे आणि पंगतीत उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून आज इथे लिहिते आहे. पुढच्या कार्यात कुणी विचारलं तर सरळ लिंक पाठवून देईन.

तर सुरुवातीपासून.

२०१२ साली आम्ही नगर रस्त्याला, वाघोलीच्याही पुढे, फ्लॅट बुक केला. २०१५ मध्ये ताबा मिळाला. नववा मजला, साडेदहाशे स्क्वेअर फूट, दोन्ही बाजूंनी वारा. वीस वर्षांचं कर्ज. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाने गॅलरीत उभं राहून "काय मोकळं आहे हो!" म्हटलं, आणि आम्हीही कौतुकाने पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस आणि जॉगिंग ट्रॅक दाखवत हिंडलो. मोकळं होतंच. इतकं मोकळं की आसपास काहीच नव्हतं.

तिथे चालायला जागा नव्हती असं नाही. ट्रॅक चांगला होता, रोज चार फेऱ्या मारायचो. पण चालत कुठे *जायला* जागा नव्हती. गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की टँकर, डंपर आणि धूळ. फुटपाथ नाही. औषधाचं दुकान दीड किलोमीटरवर, पण त्या रस्त्याने चालत जाणं म्हणजे जीव मुठीत धरून जाणं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटर काढायची. सोसायटीतल्या प्रत्येक घरात माणसागणिक एक वाहन होतं, आणि ते चैन म्हणून घेतलेलं नव्हतं. आम्हा दोघांची ऑफिसं शिवाजीनगरला. रोजचे जाऊन येऊन अडीच तास गेले. सगळेच असं करतात म्हणून आम्हीही केलं. तक्रार नव्हती.

२०१९ मध्ये सासरे गेले आणि सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे आल्या. मी त्यांना आईच म्हणते. आईंचं सगळं आयुष्य साताऱ्यात मंगळवार पेठेत गेलं. भाजी, दूध, देऊळ, बँक, नगर वाचनालय, मैत्रिणी... सगळं पायाखालचं. मोती चौकातून राजवाड्यापर्यंत जाताना त्या किमान चारदा थांबायच्या, बोलायच्या. त्यांना सायकल येत नाही, स्कूटर येत नाही. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती.

आमच्याकडे आल्यावर त्यांनी फ्रिजवर एक कागद लावायला सुरुवात केली. "गोळ्या. पासबुक भरणे. चष्म्याचा स्क्रू. वाती." शनिवार आला की आम्ही तो कागद घेऊन त्यांना गाडीतून फिरवून आणायचो, आणि आपण आईंचं किती करतो असं मनातल्या मनात वाटूनही घ्यायचो. मग २०२० साली लॉकडाऊन आला. सगळंच जग घरात बसलं, त्यामुळे आई घरात बसलेल्या आहेत हे वेगळं दिसलंच नाही. पुढे जग उघडलं. मुलगा शाळेत जायला लागला, आम्ही ऑफिसला. आईंचा लॉकडाऊन मात्र तसाच राहिला, आणि ते आमच्या लक्षात यायला आणखी वर्ष जावं लागलं.

लक्षात आलं ते असं. २०२२ च्या मे महिन्यात एका सकाळी आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि विचारलं, गोळ्या घेताय ना? आई गप्प. मग म्हणाल्या, "संपल्यात. आठ दिवस झाले." मी चिडलेच. आई, सांगायचं नाही का? औषध घरपोच येतं, फोनवर दोन मिनिटांत मागवलं असतं. तर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "रोज उठून काहीतरी मागायचं जिवावर येतं गं."

हे वाक्य मी विसरू शकलेले नाही. आम्ही त्यांना काही कमी पडू देत नव्हतो. पण मागितल्याशिवाय त्यांना काहीही मिळत नव्हतं. लहान मुलासारखं. पन्नास वर्षं एक घर एकहाती चालवलेल्या बाईला चष्म्याच्या स्क्रूसाठी शनिवारची वाट बघावी लागत होती. आमचं ते मोकळं घर त्यांच्यापुरतं नवव्या मजल्यावरची एक खोली झालं होतं.

त्या रात्री नवरा म्हणाला, "आपण गावात राहायला जाऊ या का?" पुण्यात "गावात" म्हणजे पेठांत, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवते.

पेठेत विकत घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं, एक कर्ज डोक्यावर असताना तर नाहीच. म्हणून भाड्याचं घर. आणि मग सुरू झाला शोध. एजंटांच्या भाषेत पुण्यातलं प्रत्येक घर "वॉकिंग डिस्टन्स"वर असतं. कशापासून, ते विचारायचं नसतं. एकाने दाखवलेलं घर मंडईपासून खरोखरच सात मिनिटांवर होतं, पण मध्ये दोन असे चौक होते की आईंना तिथे पलीकडे जायला तेवढीच सात मिनिटं लागली असती. तेव्हा मी एक साधी परीक्षा ठरवली. घर आवडलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता, भर गर्दीत, आईंना घेऊन यायचं. हातात भरलेली पिशवी घ्यायची आणि दुकान, दवाखाना, देऊळ असं चालून बघायचं. रस्ते किती ओलांडावे लागतात, वाटेत टेकायला कट्टा आहे का, जिन्याला कठडा आहे का, लिफ्ट चालू असते का. घर बघायला येणारी माणसं बाथरूमचे नळ सोडून बघतात. मी म्हणते, जरूर बघा, पण मग खाली उतरून गल्लीसुद्धा सोडून बघा.

अकरावं की बारावं घर पसंत पडलं. सदाशिव पेठ, पेरुगेटच्या अलीकडे. वाडा पाडून ऐंशीच्या दशकात उभी राहिलेली चार मजली इमारत. दुसरा मजला, साडेसहाशे फूट. लिफ्ट आहे, म्हणजे दोन माणसं आणि एक पिशवी मावेल इतपत आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. आम्हाला घर मिळालं ते सहज मिळालं. मालकांनी फोनवर आधी आडनाव विचारलं, मग "व्हेज ना?" विचारलं, आणि मग आवाजच बदलला. ऑफिसमधला माझा एक मुसलमान सहकारी त्याच सुमारास याच भागात घर शोधत होता. त्याची आईही आजारी होती, गरज तीच होती, पगार माझ्यापेक्षा बरा होता. पण त्याला प्रत्येक घर "कालच गेलं हो" असायचं. शेवटी त्याने बराच लांब फ्लॅट घेतला. चालत जाता येणाऱ्या वस्तीचं मी पुढे जे कौतुक करणार आहे ते त्याच्यासमोर करायला मला लाज वाटते. तिचा दरवाजा सगळ्यांना उघडत नाही, ही तिची सगळ्यात वाईट खोड.

कराराबद्दलही थोडं सांगते, कारण बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. आपल्याकडे भाड्याचं घर म्हटलं की ११ महिने हे ठरलेलं. मूळ कारण असं की १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं होतं, ते टाळायला ११ महिने. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही पळवाट कधीच बंद केली. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणजे ११ महिन्यांचा आता उपयोग काही नाही, सवय तेवढी उरली आहे. सवयीमागे जुनी भीतीही आहे. १९४७ च्या भाडे कायद्याखाली बसलेला भाडेकरू पिढ्यान् पिढ्या उठत नाही, हे पेठेतल्या मालकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांचं अगदीच चूक म्हणवत नाही.

आम्ही मालकांना तीन वर्षांचा करार मागितला. दर वर्षी पाच टक्के वाढ आम्हीच सुचवली. म्हातारं माणूस दर ११ महिन्यांनी नवा दवाखाना आणि नवा वाणी शोधू शकत नाही, एवढंच सांगितलं. त्यांची स्वतःची आई त्यांच्याजवळ होती. त्यांनी मान हलवली. एजंटचा मुलगा घरी लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला, दहा मिनिटांत नोंदणी. ऑक्टोबर २०२२ अखेरीस आम्ही राहायला आलो.

सामान निम्मं करावं लागलं. जेवणाचं टेबल दिराकडे गेलं, सोफा विकला. गाडीला पार्किंग नव्हतं म्हणून सहा महिने ती रोज नवी जागा शोधत फिरली, मग तीही विकली. पहिल्या आठवड्यात मी मनातल्या मनात दहादा म्हटलं, हे काय करून बसलो आपण! खिडकीतून समोरच्यांच्या स्वयंपाकघरातला कुकर मोजता येतो. खाली स्पर्धा परीक्षेच्या मुलांची मेस, रात्री अकरापर्यंत गलका.

या मुलांबद्दल एक वेगळी पोस्ट लिहायला हवी. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत हजारो मुलंमुली एमपीएससीसाठी येऊन राहतात. लातूर, बीड, परभणी, कुठून कुठून. खोलीसुद्धा नाही, "कॉट बेसिस". सहा बाय तीनची कॉट भाड्याने. पण अभ्यासिका, क्लास, मेस, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, सगळं पायी. त्यांच्याकडे वाहन नाही, पैसे नाहीत, वेळ तर त्याहून नाही. चालत जाता येणाऱ्या जागेची किंमत त्यांना बरोबर कळलेली आहे. आम्हाला कळायला दहा वर्षं आणि एक गृहकर्ज लागलं.

आई पहिले तीन दिवस खालीसुद्धा उतरल्या नाहीत. चौथ्या दिवशी दूध आणायला गेल्या. पुढच्या आठवड्यात पुणे नगर वाचन मंदिराची वर्गणी भरून आल्या. १८४८ सालची ही संस्था आहे, हे मला त्यांनीच सांगितलं. मग कुठल्याशा भजनी मंडळात शिरल्या. दवाखाना दोन गल्ल्या सोडून. मंडई चालत पंधरा मिनिटं, आईंच्या चालीने वीस.

आणि मग ती डिसेंबरातली संध्याकाळ. मी सात वाजता घरी आले तर आई नाहीत. फोन टेबलावर. वाण्याकडे विचारलं, देवळात बघितलं. साडेआठ झाले. नवरा पोलीस चौकीत जाऊ या म्हणायला लागला. नऊला दहा मिनिटं कमी असताना आई जिना चढून आल्या, हातात चाफ्याचं फूल. कुठे होतात? तर भरत नाट्य मंदिरात. "जाताना बोर्ड बघितला. हौशी मुलांचं नाटक होतं, तिकीट शिल्लक होतं. गेले." तुम्ही सांगायचं नाही का, असं मी म्हणणार होते. पण सात महिन्यांपूर्वी हेच शब्द मी कशावरून म्हटले होते ते आठवलं आणि गप्प बसले. नाटक कसं होतं, एवढंच विचारलं. "बरं होतं. आवाज पोचत नव्हता पोरांचा."

फ्रिजवर कागद लावणं कधी बंद झालं ते कुणाच्या लक्षातही नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली आणि मंडईला स्टेशन झालं. आता आई मंडईपर्यंत चालत जातात आणि तिथून थेट पिंपरीला बहिणीकडे. कुणी सोडायला नको, कुणी आणायला नको. मेट्रो आमच्या नगर रस्त्यावरही आली, रामवाडीपर्यंत. पण आमच्या फ्लॅटपासून रामवाडी गाठायलाच गाडी लागते. स्टेशन बांधून भागत नाही, स्टेशनपर्यंत पाय पोचले पाहिजेत.

आता हिशोबाचं बोलू, कारण काकांचा मूळ मुद्दा तोच होता. "भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा." सध्या आम्ही २८ हजार भाडं देतो. तिकडच्या फ्लॅटचं १७ हजार येतं. फरक ११ हजारांचा. गाडी विकल्यामुळे पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग आणि वेळीअवेळी लागणारी टॅक्सी मिळून साधारण नऊ हजार वाचतात. म्हणजे दोन हजारांचा तोटा. कबूल. पण गृहकर्जाच्या हप्त्यात पहिली कित्येक वर्षं मोठा भाग व्याजाचाच असतो. त्याला कुणी पाण्यात गेलेला पैसा म्हणत नाही. बँकेला दिलेलं भाडंच आहे की ते! आणि आम्हा दोघांचे रोज प्रत्येकी दीड तास वाचतात, ते कुठल्या रकान्यात लिहायचे? लेक शाळेत, क्लासला, मित्राकडे आपला आपण जातो. आईंचं नाटक कुठल्या रकान्यात?

माझं म्हणणं एवढंच आहे. घराचं क्षेत्रफळ आपण भिंतीच्या आत मोजतो. कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप. पण घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला कुणालाही न विचारता जिथवर जाता येतं, तिथवर खरं तर ते घर असतं. त्या मापाने आमचा साडेदहाशे फुटांचा फ्लॅट लिफ्टच्या दाराशी संपत होता. हे साडेसहाशे फुटांचं घर मंडईपर्यंत जातं.

मला पेठांची आरती ओवाळायची नाही. इथे चालता येतं ते फुटपाथ चांगले आहेत म्हणून नव्हे. गोष्टी जवळजवळ आहेत म्हणून. फुटपाथ कुठे आहेत, कुठे नाहीत, आणि आहेत तिथे त्यांच्यावर दुचाक्या, विजेचे डबे, फ्लेक्सचे खांब. शहरातल्या फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी पट्टी हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शक सूत्र सांगतं. हातात टेप घेऊन कधी आपल्या गल्लीत मोजून बघा. मागच्या वर्षी आई एका उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला अडखळून पडल्या, मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. विसर्जनाची मिरवणूक म्हणजे लक्ष्मी, कुमठेकर, टिळक, केळकर असे चारही रस्ते ढोलांनी भरतात, आणि मधल्या घरांना दीड दिवस झोप नाही.

पालिकेने पादचाऱ्यांसाठी २०१६ मध्ये धोरण केलं. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पहिल्यांदा पादचारी दिन साजरा झाला. मी नंतर एका वर्षी आईंना घेऊन गेले होते. रस्त्याच्या मधोमध चालताना त्या सारख्या मागे वळून बघत होत्या, गाडी येते की काय म्हणून. वर्षात एक दिवस चालणाऱ्यांचा, बाकीचे कुणाचे ते सांगायला नको.

आणि जे जवळजवळ आहे ते तरी किती दिवस टिकेल? नव्या वस्त्यांत मोठे मोठे प्लॉट, प्रत्येकाला कंपाउंडची भिंत आणि एकच गेट. पलीकडच्या दुकानात जायला अर्धा किलोमीटर वळसा. पेठेत बोळ आहेत, एका गल्लीतून दुसरीत निघता येतं, खाली दुकान वर बिऱ्हाड अशी रचना आहे. पण आता पेठेतल्या इमारतीही पुनर्विकासाला निघाल्या आहेत. आमच्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत तीन नव्या झाल्या. तळमजल्यावर जिथे शिंपी, पिठाची गिरणी आणि झेरॉक्सवाला होता, तिथे आता पार्किंग. लोखंडी दार, आत ओळीने गाड्या, बाहेर कॅमेरा. रात्री त्या तुकड्यावरून जाताना आई माझा हात धरतात. आधी धरत नव्हत्या. अशा दहा इमारती झाल्या की ही गल्लीही आमच्या वाघोलीसारखी होईल, फक्त जास्त महाग.

यात आमचंही आलंच. तीन वर्षांचा करार गेल्या खेपेला संपला तेव्हा मालकांनी, अगदी ओशाळून, ११ महिन्यांचाच नवा केला. इमारत बिल्डरकडे द्यायची बोलणी चालली आहेत. मालकांना मोठं घर आणि तोवरचं भाडं मिळेल. मिळायलाच हवं, घर त्यांचं आहे. लिव्ह अँड लायसन्सवाल्याने मुदत संपली की सामान बांधायचं. करारावर सही करताना हे माहीत होतं, तरी ऐकल्यावर पोटात खड्डा पडला. काका, भाड्याने राहण्याबद्दल तुमच्या काळजीत जे खरं आहे ते हे. मी नाकारत नाही.

त्या रात्री जेवताना आईंनी विचारलं, "मग परत तिकडे जायचं का?" आवाज नेहमीचाच होता, पण हातातला घास तसाच राहिला होता.

नवरा म्हणाला, "नाही." मीही नाही म्हटलं. इथेच शोधू. आणखी शंभर फूट कमी मिळालं तर कमी. तिकडचा फ्लॅट विकून कर्ज फेडायचं आणि उरेल त्या पैशाचं व्याज भाड्याला लावायचं, असाही विचार चालला आहे. नातेवाइकांच्या भाषेत आम्ही "बेघर" होऊ. होऊ देत. मालकी हवी असेल तर जिथे परवडेल तिथे घ्या, जरूर घ्या. पण राहा मात्र जिथे घरातल्या प्रत्येकाला आपल्या पायांनी बाहेर पडता येईल तिथे. आणि तशा जागी मालकी परवडत नसेल तर भाडं द्यायला लाजू नका. आपणही पुढे म्हातारे होणार आहोत, स्कूटरची किल्ली कधीतरी खाली ठेवणार आहोत, हेही घर निवडताना आठवत जा.

परवा संध्याकाळी आई नेहमीपेक्षा उशिरा आल्या. पर्समधून वाचनालयाची पावती काढली आणि तिच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले तीन फोन नंबर माझ्यासमोर ठेवले. दोन नारायण पेठेतले, एक इथलाच, दोन गल्ल्या सोडून. दारावर पाट्या दिसल्या म्हणून लिहून आणले म्हणाल्या.

"तिसऱ्याचा जिना बघितला मी. कठडा आहे. उद्या सहा वाजता पिशवी घेऊन जाऊ."